आधी मोजणी, मग माफी

आमच्या नेवासा भागात एखाद्याची तारीफ करायची असली की म्हणतात, "लई सरळ माणूस. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही." मयतीला गेलं की दहनाच्या किंवा मातीच्या जागी चार जणांच्या तोंडून हेच वाक्य ऐकू येतं. वाईट वाक्य नाही. ज्याच्यामुळं कुणाला त्रास झाला नाही, तो माणूस चांगलाच म्हणायचा. पण वय साठीच्या पुढं गेल्यापासून हे वाक्य कानावर पडलं की मनात एक प्रश्न उभा राहतो. जो कुणाच्या अध्यात नाही अन् मध्यात नाही, तो भांडण करत नाही हे खरं. पण तो भांडण मिटवतो का?

मी ख्रिस्ती घरात जन्मलो. डोंगरावर बसून प्रभूनं धन्य कोण कोण, याची यादी सांगितली, ती लहानपणी रविवारच्या शाळेत पाठ केली. त्या यादीत शांती करणाऱ्यांचा नंबर आहे. शांत बसणाऱ्यांचा नाही. शेतात काम करणाऱ्याला या दोन शब्दांतला फरक पटकन कळतो. रान पडीक ठेवलं तर तेही शांतच दिसतं. त्यात कुणी राबत नाही, औत नाही, आरडाओरडा नाही. पण पडीक रानाला कुणी पिकलेलं रान म्हणत नाही. तिथं हरळी अन् कुंदा वाढत असतो, आणि तो काढायला पुढं दुप्पट कष्ट पडतात.

ख्रिस्ती माणसाला शांततेबद्दल गावात एक वाक्य जन्मभर ऐकावं लागतं. बाकी शास्त्र कुणाला माहीत नसलं तरी एवढं सगळ्यांना माहीत असतं, की एका गालावर मारली तर दुसरा गाल पुढं करायचा. हे वाक्य आम्हाला कधी सांगितलं जातं? आमच्यावर अन्याय झाला, आणि आम्ही तोंड उघडलं, की मग. "तुम्ही तर ख्रिस्ती ना? मग माफ करा की." दुसऱ्याच्या धर्मातली जी गोष्ट आपल्या सोयीची असते, ती माणसाला बरोबर लक्षात राहते.

आमच्या चर्चला पूर्वी एक म्हातारे पाळक होते. त्यांनी या वचनाचा एक उलगडा करून सांगितला होता, तो मी विसरलो नाही. ते म्हणाले, वचनात नुसता गाल नाही, उजवा गाल आहे. समोरच्याच्या उजव्या गालावर उजव्या हातानं मारायचं म्हटलं, तर हाताच्या मागच्या बाजूनं मारावं लागतं. तसं कोण मारतं? मालक चाकराला मारतो. ती मार देण्याची रीत नाही, पाणउतारा करण्याची रीत आहे. मग ज्यानं दुसरा गाल पुढं केला, त्यानं काय केलं? तो पळाला नाही, त्यानं उलटून हात उचलला नाही, आणि मान खाली घातली नाही. तो तिथंच उभा राहिला. पंडित लोक यावर आणखी काय म्हणतात ते मला ठाऊक नाही, पण गावात राहणाऱ्या माणसाला हा अर्थ पुरेसा आहे.

हे मला इतकं जवळचं का वाटतं, त्यासाठी आमच्या रानाची गोष्ट सांगावी लागेल.

माझे पणजोबा छप्पनच्या दुष्काळानंतर ख्रिस्ती झाले. छप्पनचा म्हणजे संवत १९५६चा, इंग्रजी १८९९-१९०० सालचा. आमचं रान वतनाचं. १९५८च्या कायद्यानं कनिष्ठ वतनं गेली आणि नजराणा भरून ती जमीन आमच्या आजोबांच्या नावावर झाली. जमीन थोडी, पण काळी. तिच्या उगवतीच्या अंगाला एका मोठ्या शेतकऱ्याचं रान. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. माळकरी माणूस. दर वर्षी पंढरीची वारी. स्वभावानं वाईट नव्हते. मी शाळेत असताना पुस्तकाला पैसे कमी पडले, तर त्यांनीच दिले होते. पण त्यांचा गडी दर वर्षी नांगरट करताना आमचा बांध कोरायचा. एका वर्षी एक तास, दुसऱ्या वर्षी दुसरं. ज्याला शेती माहीत नाही त्याला सांगतो, बांध कोरणं ही चोरी अशी आहे की ती एका दिवसात कधीच दिसत नाही. दहा-बारा वर्षांनी बांध पावलानं मोजावा इतका सरकलेला असतो, आणि कोणत्या दिवशी सरकला हे कुणालाच सांगता येत नाही.

बाबा गप्प बसायचे. म्हणायचे, "जाऊ दे. प्रभू बघतोय." रविवारी चर्चमध्ये बाबांचं उदाहरण दिलं जायचं, की बघा, शेजारी बांध कोरतो तरी या भावाच्या तोंडातून वावगा शब्द नाही.

पण घरात आम्हाला वेगळं दिसायचं. बाबांनी अण्णांच्या विहिरीवरनं पाणी प्यायचं सोडलं. अण्णांची म्हैस आमच्या कडवळात आली तर बाबा तिला हाकलायचे नाहीत. नुसते बघत उभे राहायचे, आणि रात्री जेवताना म्हैस किती वेळ चरली ते आईला सांगायचे. अण्णांच्या घरी लग्न असलं की नेमकं त्या दिवशी बाबांचं पोट दुखायचं. एका रात्री आई म्हणाली, "आहो, तुमचं तोंड गप्प हाय, पण पोट गप्प न्हाई. असल्या गप्प बसण्याचं प्रभूला काय कौतुक?"

आई दुसरी इयत्ता शिकलेली. शास्त्र मात्र रोज वाचायची, एकेका अक्षरावर बोट ठेवून. तिचं म्हणणं होतं, की बाबांच्या गप्प बसण्यात विश्वास किती आणि भीती किती, हे त्यांनी एकदा वेगळं करून बघावं. अण्णा आणि बाबा एकाच वयाचे. तरी अण्णा बाबांना अरे-तुरे करायचे आणि बाबा त्यांना अहो-जाहो. गावच्या पाटीलकीतल्या, सोसायटीतल्या सगळ्या माणसांशी अण्णांचं नातं, आणि आमचं घर वस्तीच्या टोकाला. अशा ठिकाणी जो बोलत नाही तो क्षमाशील म्हणूनच बोलत नाही, असं कशावरून? भीतीला भक्तीचे कपडे घातले की ती चारचौघांत उजळ माथ्यानं फिरते. बाबांना हे लागलं. दोन दिवस ते आईशी बोलले नाहीत.

मग आईनं एक केलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडं प्रभुभोजन असतं. त्या रविवारी भाकर आणि प्याला बाकापाशी आला, तेव्हा आईनं हात जोडून तो पुढं जाऊ दिला. घेतला नाही. पुढच्या महिन्यातही घेतला नाही. पाळकांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, शेजाऱ्याशी आमचं मिटलेलं नाही, मी कशी घेऊ? पाळक म्हणाले, तुमचा नवरा तर सगळं सोसतो. आई म्हणाली, "सोसतो, पण मिटवत न्हाई."

१९८२ साली बाबांनी मोजणीचा अर्ज केला. फी भरली. मी तेव्हा दहावी होऊन घरी शेती करत होतो, म्हणून सगळं डोळ्यांनी बघितलं. मोजणीदार साहेब साखळी आणि तिपाईवरचा फळा घेऊन आले. पंच आले, अण्णाही आले. अण्णांचा चेहरा तापलेला होता. मोजणी मागवली म्हणजे आमच्यावर चोरीचा आळ घेतला, असं त्यांना वाटत होतं. बाबा अर्ज करून पस्तावल्यासारखे बाजूला उभे होते. आईनं मात्र सकाळीच दोन्हीकडच्या माणसांसाठी चहा केला होता, आणि पहिला कप तिनं अण्णांच्या हातात दिला.

मोजणी झाली. बांधाची लांबी ४०० फूट. काही ठिकाणी दोन फूट, काही ठिकाणी सहा फूट, असं सरासरी चार फूट अण्णांचं रान आमच्यात आलेलं. म्हणजे १,६०० चौरस फूट. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. हिशेब दीड गुंठ्याच्या आत बसला. बाबा इतकी वर्षं घरात सांगायचे, पाच गुंठे तरी खाल्लेत. मोजणीदारानं आकडा सांगितला तेव्हा मी बाबांकडं बघितलं. त्यांच्या तोंडावर आनंद नव्हता, रागही नव्हता. इतकी वर्षं डोक्यावर वाहिलेलं ओझं खाली ठेवून बघितलं, आणि ते वाटलं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचं निघालं, असा तो चेहरा होता. मनातली मोजणी नेहमी जास्त भरते. ज्याचं गेलंय त्याची जास्त भरते, आणि ज्यानं घेतलंय त्याची शून्यावर येते. अण्णा तर म्हणत होते की बांध इंचभर सरकलेला नाही.

आता खुणा रोवायच्या. त्या चार फुटांच्या पट्ट्यात अण्णांचा हरभरा होता, घाट्यात आलेला. पंचांपैकी एक जण म्हणाला, आता रान यांचं, हरभराही यांचाच. बाबा पहिल्यांदाच बोलले. म्हणाले, "पेरलाय त्यानं काढायचा. हरभरा निघाल्यावर दगड रोवू. आन् मागल्या वर्षांचं काही मागायचं न्हाई मला."

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग गळ्यातल्या माळेला हात लावून म्हणाले, "बापू, गडी तास घालायचा हे मला ठाऊक होतं. मी बघून न बघितल्यासारखं केलं."

एवढंच. गळाभेट नाही, रडारड नाही. हरभरा निघाल्यावर दोघांच्या माणसांनी मिळून दगड रोवले आणि चुना मारला. पुढच्या वर्षी अण्णांचा एक बैल लंगडला तेव्हा त्यांचा एक आणि आमचा एक अशी सावड झाली. पुढच्या पहिल्या रविवारी आईनं प्याला घेतला. अण्णांचं अरे-तुरे मात्र शेवटपर्यंत गेलं नाही. ते कुठल्या साखळीनं मोजायचं? एका मोजणीनं सगळं सरळ होतं असं मी म्हणत नाही. पण अण्णांच्या घरच्या पुढच्या लग्नात बाबांचं पोट दुखलं नाही.

या प्रसंगावर मी पुढं पुष्कळ विचार केला. बाबांनी जमीन घेतली आणि मागची बाकी सोडली. दोन्ही एकाच दिवशी. नुसती जमीन घेतली असती तर तो कज्जा जिंकणं झालं असतं. नुसती बाकी सोडली असती, म्हणजे जे ते इतकी वर्षं करत होते, तर ते सोडणंच नव्हतं. कारण काय सोडतोय याचा आकडाच माहीत नव्हता. ज्याची मोजणी झाली नाही, त्याची माफी कशाची करणार? आणि ज्याला माफ केलं त्यालाच जर माहीत नसेल की आपल्याला माफ केलंय, तर ती माफी कुणाला पोचली?

यावर चर्चमधला एक शिकलेला तरुण मला म्हणाला होता, "काका, पण पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलंय की प्रीती अपकारांचा हिशेब ठेवत नाही. आणि पेत्राला तर प्रभूनं सातांच्या सत्तर वेळा क्षमा करायला सांगितलं. तुम्ही मोजणी कुठं काढता?" प्रश्न बरोबर आहे. मी त्याला विचारलं, माझे बाबा मोजणीच्या आधी हिशेब ठेवत होते का नंतर? म्हैस किती वेळ चरली हेसुद्धा त्यांच्या वहीत होतं. ती वही कुणाला दिसत नव्हती एवढंच. मोजणी झाली आणि वही मिटली. वही मिटवायची तर एकदा खाली रेघ मारून बेरीज करावी लागते. सातांच्या सत्तर वेळा म्हटलंय ते किती वेळा क्षमा करायची त्याबद्दल. कशाबद्दल करायची हे झाकून ठेवा, असं कुठं म्हटलंय?

दुसरी गोष्ट, आधी कुणी जायचं? आपल्याकडं सगळी भांडणं इथं अडकतात. "चूक त्याची, मग मी का जाऊ?" वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, असं प्रभूनं सांगितलं ते सगळ्यांना माहीत आहे. पण ते वचन नीट वाचून बघा. तुझ्या मनात भावाबद्दल काही असलं तर, असं तिथं नाही. भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही असलं तर, असं आहे. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यानं उठायचं. आणि त्याच शुभवर्तमानात अठराव्या अध्यायात, ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाही जायला सांगितलंय. म्हणजे हिशेब असा झाला, की दोघांनीही घरातून निघायचं आणि वाटेत भेटायचं. अन्याय करणाऱ्याला सूट नाही, आणि ज्याचा झाला त्याला रुसून बसायची सवलत नाही.

त्या अठराव्या अध्यायात जाण्याची रीतही दिली आहे. आधी एकट्यानं जा. ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर घे. तरी ऐकलं नाही तर मंडळीला सांग. आम्ही गावात बरोबर उलटं करतो. आधी पारावर, चहाच्या टपरीवर सगळ्या मंडळीला सांगतो. मग एक-दोघांना हाताशी धरतो. आणि ज्याच्याशी भांडण आहे, त्याला शेवटी सांगतो, तेही वकिलाच्या नोटिशीतून.

ही रीत मी पाण्याच्या पाळीत वापरून बघितली. आमचं रान मुळा उजव्या कालव्याच्या चारीवर, टेलच्या जवळ. मुळा धरण बारागाव नांदूरचं, २६ टीएमसीचं, पण टेलच्या शेतकऱ्याला टीएमसीचं काय? त्याला चारीत पाणी किती इंच येतं एवढंच कळतं. आवर्तन सुटलं की वरचे लोक रात्री बारं फोडतात आणि खालच्याची पाळी कोरडी जाते. अशा रात्री माणूस खोरं खांद्यावर टाकून वर निघतो. समोरच्याच्या हातातही खोरं असतं. अंधार, थंडी, डोळ्यांवर झोप, आणि दोघांचाही गहू पोटऱ्यात. त्यात किती डोकी फुटली आहेत, ते आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांना विचारा. मी ठरवलं, की वर जायचं तर खोरं घरी ठेवायचं. नुसती बॅटरी घ्यायची. मोकळ्या हातानं आलेल्या माणसावर धावून जाणं अवघड असतं. पाणी दर वेळी मिळालं असं नाही. एका वरच्या शेतकऱ्याकडं मी एकटा तीनदा गेलो, मग दोघांना घेऊन गेलो, आणि शेवटी पाणी वापर संस्थेत विषय मांडला. तिथं ठरावच झाला, की चारीचं पाणी टेलकडून वर भिजवत यायचं. तो शेतकरी पहिले दोन महिने माझ्याशी बोलत नव्हता. पण मी त्याच्या माघारी जे बोललो, ते सगळं आधी त्याच्या तोंडावर बोललो होतो, हे त्यालाही माहीत होतं. आज आमची मुलं एका मोटारसायकलवर जातात.

हे सगळं सांगताना मला एक भीती वाटते. शेजारी-शेजारी माणसं असली, की त्यांच्यात समेट घडवणं सोपं असतं. जिथं एकाचा पाय दुसऱ्याच्या मानेवर आहे, तिथं समेट हा शब्द फार जपून वापरावा लागतो.

आमच्या मंडळीतली एक मुलगी. नाव गाव सांगत नाही. नवरा मारायचा. ती दोन लेकरं घेऊन माहेरी आली. दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसली. सगळे भले लोक, सगळ्यांचं म्हणणं एकच, की संसार मोडू नये, तिनं माफ करावं, ख्रिस्ती स्त्रीचा तोच धर्म. तिथं एक म्हातारी बाई होती, जुन्या काळात खेडोपाडी शास्त्र सांगत फिरलेली. आम्ही तिला बायबलबाई म्हणायचो. ती काठी टेकत उठली आणि म्हणाली, "माफी तिची हाय. तिनं द्यायची तव्हा देईल. तुम्ही कोण तिच्या पदरातली काढून वाटणारे?" मग त्या नवऱ्याकडं वळून म्हणाली, "आधी तू सांग. काय काय केलंस ते समद्यांच्या म्होरं सांग."

तो सांगेना. "थोडंफार झालं" एवढंच पुन्हा पुन्हा. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इथंही मोजणीच अडली आहे. जमिनीची मोजणी साखळीनं होते; माणसाच्या अपराधाची मोजणी त्यानं तोंडानं कबूल केल्यानं होते. जक्कयाचं बघा. उंबराच्या झाडावरनं उतरून तो प्रभूला घरी घेऊन गेला, तेव्हा "झालं गेलं विसरा" असं म्हणाला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत, असा आकडा त्यानं स्वतःच सांगितला. यिर्मया संदेष्ट्याचा सगळ्यात मोठा राग कुणावर होता? लोकांची जखम वरवर बांधून सगळं बरं आहे म्हणत फिरणाऱ्यांवर. आपण वडीलधारी माणसं घाईघाईनं समेट घडवतो, ते पुष्कळदा आपल्याला भांडण बघवत नाही म्हणून. जिला मार बसतो तिची सोय त्यात नसते.

ती मुलगी परत नांदायला गेली नाही. शिवणकाम शिकली, लेकरं वाढवली. बऱ्याच वर्षांनी नवरा आजारी पडला, तेव्हा ती लेकरांना भेटवायला घेऊन गेली, दवाखान्यात डबाही देऊन आली. तिनं मला सांगितलं, "काका, मी माफ केलंय. पण त्या घरात मी परत जायची न्हाई." हे ऐकून मंडळीतले काही लोक म्हणाले, ही कसली माफी? मला ती पुरी वाटते. माफ करणं हे एकट्याच्या हातात आहे. पुन्हा एकत्र नांदायला दोघं लागतात, आणि दुसऱ्यानं बदलावं लागतं. दगड रोवल्याशिवाय बाबांनी तरी अण्णांबरोबर सावड केली असती का?

आता काही भांडणांत मोजायला काहीच नसतं, हेही खरं आहे. आमच्या नगर जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईला बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या डोक्यावर आभाळ कोसळलं. त्या कितीतरी वर्षं वेगळ्या राहिल्या. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी ते सगळं लिहून ठेवलंय. परत आल्या, तेव्हा आपलं सोवळं घेऊन आल्या, आणि टिळकांनी ते त्यांच्यावर जोर करून सोडायला लावलं नाही. १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनानं बाप्तिस्मा घेतला. आता त्यांनी तो घेतला नसता तर? तरी त्या घरात शांती होती, असंच मी म्हणेन. दोन वेगळ्या चुलींच्या घरातली शांती. जिथं मोजायला बांध नसतो, तिथं वाट बघणं एवढंच काम उरतं. पण वाट बघणं वेगळं आणि गप्प बसणं वेगळं. वाट बघणारा माणूस दार उघडं ठेवतो.

सरकारनंही हे काम हातात घेतलं. २००७ साली स्वातंत्र्यदिनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, गावोगाव समित्या झाल्या, बक्षिसं मिळाली. २०२३ साली सलोखा योजना आली. एकाची जमीन दुसऱ्याच्या वहिवाटीत आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असं किमान १२ वर्षं चालत आलं असेल, तर हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि हजार रुपये नोंदणी फी भरून अदलाबदल करता येते. चांगली योजना आहे. मोजणीही आता साखळीनं होत नाही, उपग्रहावरच्या यंत्रानं होते, तिच्यात बोटभराचा फरक पडत नाही. पण एवढं अचूक यंत्र आलं म्हणून बांधावरची भांडणं संपली का? यंत्र रेघ दाखवतं. रेघेवर उभं राहून "मी बघून न बघितल्यासारखं केलं" हे माणसालाच म्हणावं लागतं, आणि "मागलं काही मागायचं न्हाई" हेही माणसालाच.

आमच्या चर्चमध्ये अजून पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकर मोडायच्या आधी पाळक थोडा वेळ थांबतात. कुणी काही बोलत नाही. पंखा फिरत असतो, बाहेर एखादा ट्रॅक्टर जातो. कधी कधी त्या वेळात मागच्या बाकावरनं एखादा माणूस हळूच उठतो आणि बाहेर निघून जातो. नव्या पोरांना वाटतं, याला कंटाळा आला असेल. मागच्या वर्षी असाच एक जण उठून गेला. भावाशी विहिरीच्या हिश्श्यावरनं बोलणं बंद होतं. सलग चार महिने तो त्याच वेळी उठून जात होता. पाचव्या महिन्यात तो उठला नाही. त्याचा भाऊ काही चर्चला येत नाही, त्यामुळं त्यांच्यात काय झालं ते मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. पण त्या आठवड्यात त्यांच्या विहिरीवर दोन्ही मोटारींचे तास पाटीवर खडूनं लिहिलेले दिसले. याचे किती, त्याचे किती.